परीक्षेबाहेरचें विद्यापीठ

मुंबईच्या कोटांत, ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाईचा मनोरा उभा आहे. त्याची उंची २८० फूट. मुंबईस जाऊन आलेल्या माणसानें तो पाहिला नाहीं, असें सहसा होत नाहीं. पण त्याच्या घड्याळाकडे पाहणारे पुष्कळ आणि त्याच्या अंगावरील शिल्पाकडे पाहणारे थोडे. पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे त्या मनोऱ्यावर बसविलेले आहेत. ज्याचा त्याचा पोषाख, ज्याचें त्याचें शिरोभूषण कारागिरानें मोठ्या आस्थेनें कोरलेलें आहे. या चोवीस असामींना विद्यापीठांत शिरतांना मॅट्रिकची परीक्षा द्यावी लागली नाहीं. मात्र ज्या लोकांचे ते पुतळे, त्या लोकांना विद्यापीठाचा दरवाजा केव्हां आणि किती उघडा होता, हा प्रश्न निराळा आहे. आणि आजच्या भाषणांत मला त्याच प्रश्नाचा थोडासा इतिहास सांगावयाचा आहे.

विद्यापीठ म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें अध्यापक, वर्ग, ग्रंथालय आणि शिकणारीं मुलें उभीं राहतात. मुंबईचें विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं कायद्यानें स्थापन झालें तेव्हां त्यापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याचा नमुना लंडनच्या विद्यापीठावरून घेतलेला होता, आणि लंडनचें तें विद्यापीठ त्या काळीं केवळ परीक्षा घेणारें मंडळ होतें. शिकविण्याचें काम कॉलेजांनीं करावें, विद्यापीठानें प्रश्न काढावेत, उत्तरें तपासावीं, यादी लावावी आणि पदवी द्यावी, अशी वांटणी. म्हणजे सासरचें आणि माहेरचें नातें असावें तसें. राबणूक एका घरीं आणि नांव दुसऱ्या घरचें. पुष्कळ वर्षें विद्यापीठाला स्वतःचें छप्परही नव्हतें. त्याचा कारभार टाउन हॉलमधून चाले. पहिला पदवीदान-समारंभ १८६२ सालीं झाला. पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे होते.

ही मांडणी कोणा एका माणसाच्या लहरीनें झाली असें नव्हे. पण ती अपरिहार्यही नव्हती. ज्या १८५४ च्या खलित्यावरून हीं विद्यापीठें निघालीं, त्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यांतच असें सुचविलें होतें कीं, ज्या विषयांची सोय कॉलेजांत नीट होत नाहीं त्यांवर व्याख्यानें देण्याकरितां विद्यापीठांनीं स्वतःचे अध्यापक नेमावेत. आणि अशा विषयांत कायदा व स्थापत्य यांच्या जोडीला संस्कृत, अरबी, फारशी आणि देशी भाषा यांचींही नांवें होतीं. पाळण्यांतच सांगितलेली ही गोष्ट पुढें अर्धशतक कागदावर राहिली. परीक्षा घेणें स्वस्त असतें, शिकविणें महाग असतें. राज्यकर्त्यांना हा हिशेब शिकवावा लागत नाहीं.

याहूनही चमत्कारिक गोष्ट ही कीं, विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वींच मुंबईंत विद्यापीठासारखें कांहीं तरी सुरू झालें होतें. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें, प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनानें, तेथील विद्यार्थ्यांनीं आणि तरुण शिक्षकांनीं एक साहित्य व शास्त्रसभा काढली. प्रथम तींत इंग्रजी निबंध वाचले जात आणि त्यांवर वाद होई. परंतु लौकरच या तरुणांच्या ध्यानांत आलें कीं, आपण एकमेकांनाच शहाणे करीत बसलों आहों. म्हणून त्याच सभेच्या मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. ज्यांना इंग्रजी येत नाहीं, ज्यांची शाळा केव्हांच सुटली आहे, अशा शहरवासीयांना त्यांच्या भाषेंत शास्त्र, इतिहास आणि समाजस्थिति यांविषयीं कांहीं सांगावें, हा त्यांचा उद्देश होता. मराठी शाखेचें नांव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिच्या अध्यक्षपदीं दादोबा पांडुरंग होते. ज्यांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चाललें, तेच हे दादोबा. १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघालें आणि सभेंत बोललें गेलेलें ज्ञान गांवोगांवीं पोंचण्यास वाट झाली. गुजराती शाखेंत दादाभाई नौरोजींसारखा माणूस होता. गणित शिकविणारा हा तरुण लोकांपुढें उभा राहून त्यांच्या बोलींत शास्त्राच्या गोष्टी सांगत असे.

या मंडळींनीं केवळ बोलून समाधान मानलें नाहीं, म्हणूनच त्यांचें महत्त्व मला अधिक वाटतें. १८४९ सालीं त्यांनीं मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभीं सभेचे सभासद स्वतःच सकाळच्या वेळीं विनावेतन शिकवूं लागले. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. ज्या काळीं मुलीच्या हातीं पुस्तक देणें म्हणजे घरावर संकट ओढवून घेणें असें भलेभले लोक मानीत, त्या काळीं विशीच्या आंतबाहेरच्या पोरांनीं हें धाडस केलें. एका संस्थेच्या खोलींत दिलेलें व्याख्यान भिंतीबाहेर गेलें म्हणजे काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण त्या काळच्या मुंबईंत मला दिसत नाहीं.

नाटकाचा वाराही याच तरुणांच्या कानांत शिरला होता. १८५३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीहून आपली मंडळी मुंबईस आणून ग्रँट रोडच्या नाट्यगृहांत खेळ केले. त्यांच्या पाठीशीं डॉ. भाऊ दाजी होते, आणि भाऊ दाजी हे एल्फिन्स्टनच्याच शिक्षणांत वाढलेले. पुढें त्या कॉलेजांतील पारशी विद्यार्थ्यांनीं एल्फिन्स्टनच्या नांवानें नाटकमंडळी उभारून प्रथम इंग्रजी खेळ केले, आणि पारशी रंगभूमीच्या इतिहासांत त्या मंडळीला जागा आहे. हें सारें परीक्षेच्या बाहेरचें. त्याला गुण नव्हते, त्यामुळें त्याची नोंदही कोणी मन लावून ठेवली नाहीं.

आतां अपेक्षा अशी कीं, विद्यापीठ स्थापन झाल्यावर या उद्योगाला बळ मिळालें असावें. घडलें तें उलट. आरंभीच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. परंतु १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत वरच्या परीक्षांतून त्या काढून टाकल्या गेल्या आणि त्यांच्या जागीं संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. कारण असें सांगितलें जाई कीं, देशी भाषांत उच्च अभ्यासास योग्य असें वाङ्मय नाहीं. ज्ञानेश्वर आणि तुकाराम ज्या भाषेंत बोलले, त्या भाषेविषयीं हा निकाल होता. पुढच्या काळाचा एक धागा येथेंच जोडून टाकितों. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं भारत सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. जिला अभिजात नाहीं म्हणून बाहेर ठेविलें, तिच्या नांवापुढें तोच शब्द लागण्यास सुमारें एकशें साठ वर्षें लागलीं.

मग विद्यापीठाला घर कसें मिळालें, तेंही सांगितलें पाहिजे. कारण तें घर सरकारपेक्षां शहराच्या पैशानें उभें राहिलें. १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरांत सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनीं सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि आपल्या आईचें, राजाबाईचें, नांव राहावें म्हणून मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, शेअरांचा फुगा फुटला आणि खुद्द प्रेमचंदांचें दिवाळें वाजलें. पण विद्यापीठाला दिलेली रक्कम त्यापूर्वींच दिली गेली होती. शहराच्या वेडाच्या त्या चार वर्षांतून जें कांहीं टिकाऊ उरलें, त्यांत ही इमारत येते. तिचे नकाशे सर गिल्बर्ट स्कॉट या शिल्पशास्त्रज्ञानें इंग्लंडांत बसून काढले. हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नाहीं. सभागृह १८७४ सालीं पुरें झालें, मनोरा १८७८ सालीं. सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकींत रंगीत कांचेच्या बारा राशी आहेत. भविष्याची चिंता घेऊन येणाऱ्या उमेदवारांना ती सजावट फार शोभते.

या सुंदर दिवाणखान्यांत मुख्य प्रयोग कोणता होत असे? पदवीदानाचा. झग्यांची मिरवणूक, कुलपति या नात्यानें प्रांताचे गव्हर्नर, मग इंग्रजी भाषण, मग नांवांची हांक आणि टाळ्या. प्रयोग म्हणून तो नीटनेटका होता. पण त्यांत प्रेक्षकाला काम नसे. विद्यापीठ शहराशीं वर्षांतून एकदां बोले आणि तेंही आपल्याच मुलांकडे तोंड करून. उरलेलें वर्षभर मनोऱ्याची घड्याळें तेवढीं शहराशीं बोलत, आणि त्यांतूनही इंग्रजी सूर निघत.

या भिंतीला पहिली खरी फट पडली ती देणगीच्या व्याख्यानांनीं. कलकत्त्यास प्रसन्नकुमार टागोर यांनीं मृत्युपत्रानें ठेविलेल्या निधींतून १८७० पासून कायद्यावरील टागोर व्याख्यानें सुरू झालीं होतीं. जर्मन पंडित यूलियस योली यांनीं हिंदु धर्मशास्त्राच्या इतिहासावर आपलीं व्याख्यानें १८८३ सालीं तेथेंच दिलीं. मुंबईस अशी सोय झाली ती डॉ. जॉन विल्सन यांच्या नांवानें. या विल्सनसाहेबांची गोष्ट थोडी सांगण्यासारखी आहे. १८२९ सालीं आलेला हा स्कॉटिश पाद्री मराठी शिकून मराठींतच उपदेश करूं लागला आणि येथील शास्त्र्यांशीं त्याचे जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकरांनीं त्याला उत्तर म्हणून १८३१ सालीं पुस्तक लिहिलें, त्यानें प्रत्युत्तर लिहिलें. धर्मांतराच्या प्रकरणांवरून पारशी समाजही त्याच्यावर खवळला होता. तरी हा मनुष्य विद्वान् होता, लेण्यांपासून शिलालेखांपर्यंत या देशाचा कसून अभ्यास करीत असे, आणि पुढें विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. त्याच्या गौरवार्थ जमलेल्या निधींतून भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला ठरली. वादांत ज्याचें तोंड बंद करावेंसें वाटलें, त्याच्या नांवानें पुढें दुसऱ्यांना बोलावयास जागा झाली.

१८७७ सालीं हीं विल्सन व्याख्यानें देण्यासाठीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची निवड झाली. तेव्हां त्यांचें वय चाळीस. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं संस्कृतच्या अध्यापकाची जागा कांहीं वर्षें बदली म्हणून चालविली होती. पण १८७३ सालीं ती जागा कायमची भरावयाची वेळ आली तेव्हां ती पीटर्सन या नव्या ब्रिटिश गृहस्थांना मिळाली आणि भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. पीटर्सन पुढें चांगले पंडित ठरले, हें खरें. पण त्या दिवशीं न्याय झाला असें कोणी म्हणणार नाहीं. डेक्कन कॉलेजची मुख्य जागा भांडारकरांना मिळण्यास १८८२ साल उजाडावें लागलें. म्हणजे ज्या वर्षीं हीं व्याख्यानें झालीं, त्या वर्षीं कॉलेजनें ज्याला दुसऱ्या पायरीवर बसविलें होतें, त्याला विद्यापीठानें व्यासपीठावर उभें केलें.

व्याख्यानें सात होतीं, विषय संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. भाषण इंग्रजींत, यापरतें दुसरें कांहीं त्या काळीं त्या ठिकाणीं शक्य नव्हतें. पण बोलण्याचा विषय पाहा. पहिल्या व्याख्यानांत भाषा कोणत्या नियमांनीं बदलते आणि खुद्द संस्कृत कशी बदलत गेली, याचें विवेचन. मग पाली, मग प्राकृत आणि अपभ्रंश. आणि त्यापुढचीं तीन व्याख्यानें मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी, सिंधी, बंगाली, उडिया या घरोघर बोलल्या जाणाऱ्या भाषांवर. ज्या मराठीला परीक्षेच्या दारांतून बाहेर काढलें होतें, ती दहा-पंधरा वर्षांत व्याख्यानाच्या खिडकींतून पुन्हां आंत आली; आणि आली ती दीनवाणी होऊन नव्हे, तर शास्त्राचा विषय होऊन.

या शास्त्राची एक चव श्रोत्यांना सहज घेतां येईल. संस्कृत ‘हस्त’ शब्द घ्या. त्यांतील जोडाक्षर बोलतां बोलतां सारखें होऊन प्राकृतांत ‘हत्थ’ झालें. मराठीनें पुढें दोन व्यंजनांपैकीं एक टाकलें आणि त्याची भरपाई म्हणून आधींचा स्वर लांबविला, झाला ‘हात’. ‘कर्म’ याचें ‘कम्म’ आणि मग ‘काम’. ‘सप्त’ याचें ‘सत्त’ आणि मग ‘सात’. ‘अष्ट’ याचें ‘अट्ठ’ आणि मग ‘आठ’. आतां पंजाबी माणसाला हात दाखवावयास सांगा; तो आजही ‘हत्थ’ म्हणतो, आणि मोजतांना ‘सत्त’, ‘अट्ठ’ म्हणतो, म्हणजे त्यानें प्राकृताचें रूप तसेंच जपलें. सिंधी मनुष्य व्यंजन एकेरी करतो, पण स्वर मात्र ऱ्हस्वच ठेवितो. एकाच वाड्यांतील तीन भावांनीं वाटणीनंतर आपापल्या खोल्यांची डागडुजी तीन रीतींनीं करावी, तसा हा प्रकार आहे. आणि प्रत्येकाची रीत ठरलेली आहे.

‘ठरलेली आहे’ या शब्दांत सारें आलें. तोंवर शास्त्री-पंडितांत समजूत अशी कीं, प्राकृत म्हणजे बिघडलेलें संस्कृत आणि मराठी म्हणजे त्याहूनही बिघडलेलें. अडाण्यांच्या तोंडीं लागून शब्द भ्रष्ट झाले, एवढाच त्याचा इतिहास. भांडारकरांचा सिद्धान्त असा कीं, हा बिघाड नसून विकास आहे, आणि त्याला नियम आहेत. शेतकऱ्याच्या बायकोच्या तोंडचा शब्द हा अपघात नव्हे. त्याच्यामागें अडीच हजार वर्षांची वंशावळ आहे. बीम्स आणि हॉर्न्ले हे युरोपीय पंडित याच वर्षांत या भाषांचीं तुलनात्मक व्याकरणें रचीत होते. या देशांतल्या माणसानें, ज्याच्या घरीं त्यांतली एक भाषा बोलली जात होती, उभें राहून हें सांगणें याचा अर्थ वेगळा होता.

आणि या व्याख्यानांचें पुढें काय झालें? तीं संपूर्ण ग्रंथरूपानें १९१४ सालीं बाहेर पडलीं; दिल्यापासून सदतीस वर्षांनीं! तोंवर वक्ता सत्तरी ओलांडून गेला होता, कुलगुरुपद भोगून निवृत्त झाला होता, आणि युरोपांत भाषाशास्त्र बरेंच पुढें गेलें होतें. व्याख्यानाला देणगी होती, व्याख्यात्याला मान होता. ऐकलेलें जपून ठेवण्याची घाई मात्र कोणाला नव्हती. ही आपली जुनी खोड आहे आणि ती विद्यापीठापुरती नाहीं. माझ्यासारखा माणूस यंत्रापुढें बसून बोलतो, शब्द हवेंत जातात. मासिकाच्या पानावर उतरले तर उरतात, एरवीं नाहीं. विल्सन व्याख्यानें मात्र चालू राहिलीं. १९१५-१६ सालीं नरसिंहराव दिवेटिया यांनीं त्याच व्यासपीठावरून गुजराती भाषा आणि वाङ्मय यांवर बोलून आपल्या भाषेची वंशावळ मांडली. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त हे कलकत्त्यास गेले आणि तेथें १९१८ सालीं कार्मायकेल व्याख्यानें देऊन प्राचीन इतिहासावर बोलले. घरांत व्याख्यानाचा वारसा असतो, तो असा.

परीक्षेच्या दारांतून मराठीला परत आणण्याचें काम रानड्यांनीं हातीं घेतलें. पदवीधरांच्या पहिल्या तुकडींतील हा माणूस जन्मभर आपल्या विद्यापीठाशीं या एका गोष्टीसाठीं भांडला. पुण्यास १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला मराठींतून चालत होती आणि तिच्या मुळाशींही रानडेच होते. म्हणजे विद्यापीठ जें करीत नव्हतें, तें त्यांनीं आधीं शहरांत करून दाखविलें. १८९८ सालीं त्यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण लिहून, या भाषेंत अभ्यासण्याजोगें कांहीं नाहीं या आक्षेपाला ग्रंथांच्या गणतीनेंच उत्तर दिलें. १९०१ सालीं एम्.ए.च्या परीक्षेंत मराठीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षाच्या जानेवारींत रानडे वारले. खालच्या परीक्षा आणि पूर्ण अभ्यासक्रम यांसाठीं पुढच्या पिढ्यांना झगडावें लागलें, ती कथा लांब आहे. येथें तिच्यांत शिरत नाहीं.

येथवर गोष्ट कानांची झाली. डोळ्यांनीं शिकविणारा एक माणूस या देशांत १९१४ सालीं आला, आणि त्यानें विद्यापीठाच्या दिवाणखान्याचा अगदीं निराळा उपयोग करून दाखविला. त्याचें नांव पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, एडिंबरोचा रहिवासी, आणि शहर म्हणजे एक जिवंत रोपटें आहे असें मानून त्याची देखभाल कशी करावी याचा विचार करणारा. परीक्षेवर त्याचा मुळींच विश्वास नव्हता. एडिंबरोच्या विद्यार्थ्यांसाठीं त्यानें १८८७ सालीं वसतिगृह काढलें. त्याला पंचवीस वर्षें झालीं तेव्हां, १९१२ सालीं, भाषणांचा समारंभ न करितां त्यानें विद्येच्या इतिहासाचें नाटकच रचलें. प्राचीन संस्कृतींपासून आपल्या काळापर्यंत विद्या कशी चालत आली, हें शेंकडों माणसांनीं वेष घालून रंगभूमीवर चालून दाखविलें. इतिहास पाठ करावयाचा नसून त्यांत पात्र व्हावयाचें असतें, असें त्याचें म्हणणें.

शहरें आणि नगररचना यांविषयीं त्यानें एक मोठें प्रदर्शन जमविलें होतें. नकाशे, चित्रें, आराखडे, अशी ती वर्षांची जोडणी. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या आमंत्रणावरून तें त्यानें ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजावर चढवून हिंदुस्थानाकडे रवाना केलें. महायुद्ध पेटलें होतें. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनें २२ सप्टेंबर १९१४ रोजीं मद्रासवर तोफा डागल्या, तेथील तेलाच्या टाक्या पेटविल्या. आणि पुढच्याच महिन्यांत तिनें ‘क्लॅन ग्रँट’ला गांठून समुद्राच्या तळाशीं पाठविलें. प्रदर्शन बुडालें. विलायतेंतल्या मित्रांनीं धांवाधांव करून नवा संग्रह जमविला, तो आला, आणि जानेवारी १९१५ मध्यें ज्या मद्रासवर गोळे पडले होते त्याच शहरांत, तेथील विद्यापीठाच्या सेनेट हाऊसमध्यें, तो मांडला गेला. ज्या दालनांत पदव्या द्यावयाच्या, तेथें शहरांचे नकाशे टांगले होते आणि दाढी कुरवाळीत एक म्हातारा त्यांपुढें फिरून येईल त्याला समजावून सांगत होता. आंत येण्यास कोणाला प्रमाणपत्र लागत नव्हतें. पुढें तें प्रदर्शन मुंबईसही आलें.

मुंबई इलाख्यांतील ठाणें, वांद्रें, सुरत, अहमदाबाद अशा गांवांची पाहणी करून त्यानें १९१५ सालीं अहवाल लिहिले. त्या काळच्या अधिकाऱ्यांचा उपाय म्हणजे जुन्या वस्तींतून सरळ रुंद रस्ता काढणें आणि मध्यें येईल तें पाडणें. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईंत हें पुष्कळ झालें होतें. गेडिसचें सांगणें असें कीं, रोग्याचा हात कापण्याआधीं मलमपट्टी करून पाहा. एखादें पडकें घर काढा, तेथें मोकळी जागा करा, झाड लावा. गल्ली जगेल, माणसें बेघर होणार नाहींत. तळीं बुजवूं नका, त्यांत मासे सोडा म्हणजे ते डांसांचीं अंडीं खातील. हें ऐकून इंजिनिअर हंसले असतील. ठाण्याच्या लोकांना मात्र त्यांतलें शहाणपण आज अधिक कळेल.

इंदूरची गोष्ट तर नाटकाचीच आहे, आणि होळकरांचें राज्य असल्यानें ती आपल्या अधिक जवळची. १९१७ सालीं तुकोजीराव होळकरांच्या दरबारीं गेडिस नगररचनेच्या कामावर होता. शहरांत प्लेग, मलेरिया. लोकांचा या परक्या माणसावर संशय. गेडिसच्या चरित्रांत वर्णन आहे तें असें कीं, त्यानें महाराजांकडून दिवाळीच्या एका दिवसापुरता कारभार मागून घेतला आणि दवंडी पिटविली: यंदाची मिरवणूक ज्या रस्त्यावरचीं घरें सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेलीं असतील, त्याच रस्त्यानें जाईल. सारें शहर झाडलोटीला आणि चुन्याला लागलें. मिरवणुकींत हत्ती-घोडे होते, कापणीच्या सुगीचे देखावे होते. मग घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. आणि त्यांच्यामागून नवे झाडू घेतलेले, स्वच्छ वस्त्रें ल्यालेले, फुलांच्या माळा घातलेले झाडूवाले चालत आले. ज्यांची सांवली टाळण्यांत शहर धन्यता मानी, ते मिरवणुकीचे मानकरी झाले. रात्रीं राक्षस आणि उंदीर जाळले. हजार व्याख्यानांनीं जें सांगतां आलें नसतें, तें शहरानें स्वतः करून पाहिलें. एका दिवाळीनें अस्पृश्यता जात नाहीं, हें उघड आहे; पण त्या दिवशींचा मान खरा होता. १९१८ च्या आपल्या इंदूर-अहवालांत गेडिसनें एका नव्या विद्यापीठाची योजनाही मांडली. तींत ग्रंथालय आणि संग्रहालय यांबरोबर नाट्यगृह होतें, आणि परीक्षा हा विद्यापीठाचा कणा मानण्याच्या लंडनी पद्धतीवर सडकून टीका होती. योजना कागदावर राहिली. इंदूरला विद्यापीठ मिळालें तें १९६४ सालीं.

असल्या माणसाला मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं अध्यापक नेमलें, हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे. बासष्ट वर्षें परीक्षा घेतल्यावर विद्यापीठानें स्वतः शिकविण्यास आरंभ केला तो समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या शाळेनें, आणि समाजशास्त्राच्या खुर्चीवर पहिला माणूस बसला तो परीक्षेचा शत्रु. शिक्षक म्हणून तो सोपा नव्हता. आवाज बारीक, आणि तोही दाढींत अडकलेला. एका विषयावरून दहा विषयांवर उडी. कागद घडी घालून त्याच्या चौकटींत विचार मांडण्याची विचित्र संवय. टिपणें घेऊन पास होण्यास आलेल्या विद्यार्थ्याची त्याच्यापुढें त्रेधा उडत असे. परंतु त्याच्या व्याख्यानांना येणाऱ्यांत मालवणचा एक तरुण होता, संस्कृतचा एम्.ए., गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई हें शहर म्हणून कसें वाढलें, यावर त्यानें गेडिससाठीं निबंध लिहिला. तो पसंत पडून त्याला शिष्यवृत्ति मिळाली आणि तो १९२० सालीं विलायतेस गेला. प्रकृति खालावल्यानें गेडिसनें १९२४ सालीं मुंबई सोडली, आणि त्याच वर्षीं विभागाची सूत्रें घुर्यांच्या हातीं आलीं. मनोऱ्यावर दगडांत कोरलेल्या त्या निरनिराळ्या जातींच्या माणसांकडे खालून पाहतांना त्यांच्या मनांत काय येत असेल, तें सांगतां येत नाहीं. हिंदुस्थानांतील जाति आणि वंश यांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला.